कुबा लोकांची इकुल

कांगोंतील कसाई व सांकुरू या नद्यांच्या मधल्या प्रदेशांत कुबा लोकांचें राज्य आहे. त्यांची परंपरा सांगते कीं, सतराव्या शतकांतील श्याम राजानें शोंगो या फेंकून मारावयाच्या शस्त्रास बंदी करून इकुल ही रुंद पात्याची आंखूड कट्यार रूढ केली. एमिल टोर्डाय यानें १९०७–०९ च्या मोहिमेंत ही कथा टिपली. त्यानें मिळविलेल्या व ब्रिटिश म्यूझियममध्यें असलेल्या श्यामाच्या काष्ठमूर्तीच्या डाव्या हातांतही इकुलच आहे. ही टिपणी नसती तर तिला शांतिशस्त्र कोण म्हणतें? बाजारांत ‘वधाची तलवार’ अशी चिठ्ठी डकविणें सोपें. परंतु लांकडी पात्याच्याही इकुल आहेत, त्यांनीं कोणाचा वध व्हावा? पातें घांसून लखलखीत करणारे हौशी आम्हांस ताम्रपट घांसणारांचेच सोयरे वाटतात. लोहाराच्या घणाच्या खुणा त्यांत जातात. संग्राहकानें तेलाचा हलका हात द्यावा. गांव, साल व तेथील नांव मात्र प्रथम लिहावें.