आळशी कोण? पवित्र शास्त्रांतील आळस व उद्योग यांचा पूर्वेतिहास

आळसाविरुद्ध प्रवचन ऐकलें नाहीं असा कॅथलिक मनुष्य विरळा. मुंगीचा दृष्टांत तर लहानपणीं धर्मशिक्षणाच्या वर्गांतच आमच्या पदरीं पडतो, आणि पुढें जन्मभर तो बहुधा दुसऱ्यांना ऐकविण्याच्या उपयोगीं येतो. परंतु पवित्र शास्त्राचीं पानें क्रमानें उलटीत गेल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. आळशीपणाचा आरोप शास्त्रांत अगदीं आरंभीं ज्याच्या तोंडीं आढळतो, तो कोणी संदेष्टा नव्हे, कीं ज्ञानी पुरुष नव्हे; तो मिसर देशाचा राजा फारो होय. निर्गमाच्या ५ व्या अध्यायांत इस्राएल लोक रानांत जाऊन देवाला यज्ञ करण्याची मोकळीक मागतात. त्यावर फारोचा निवाडा असा कीं हे लोक सुस्तावले आहेत, म्हणून यांना देव आठवतो; आणि विटांसाठीं पेंढा देणें बंद करून विटांची संख्या मात्र तो पूर्वीइतकीच मागतो. दासाला आळशी म्हणणारा हा धनी, पुढील वचनें वाचतांना वाचकांनीं डोळ्यांपुढें ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

आतां नीतिसूत्रांकडे वळूं. हा ग्रंथ शलमोन राजाच्या नांवानें प्रसिद्ध असला, तरी तो एका हातानें व एका काळीं लिहिलेला नव्हे. २५ व्या अध्यायाच्या आरंभींच सांगितलें आहे कीं पुढील सूत्रें यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनीं उतरून काढलीं. म्हणजे हा काळ इ. स. पू. ८ व्या शतकाच्या अखेरीचा. २२ ते २४ या अध्यायांतील कांहीं भागाचें तर एका प्राचीन मिसरी बोधग्रंथाशीं विलक्षण साम्य आहे. अमेनेमोपेचा हा ग्रंथ १९२३ सालीं प्रसिद्ध झाला, व पुढील वर्षींच अडॉल्फ एर्मान या जर्मन पंडितानें तें साम्य उघड करून दाखविलें.

या सूत्रांतील आळशी मनुष्य मोठा मजेदार आहे. रस्त्यावर सिंह आला असेल, या सबबीवर तो घराबाहेर पडत नाहीं. दार जसें बिजागरीवर, तसा तो अंथरुणावर कुशी बदलतो. ताटांत घातलेला हात तोंडाकडे नेण्याचाही त्याला कंटाळा. हीं चित्रें काढणारा मनुष्य रागावलेला नसून मनांतल्या मनांत हसत असावा. त्याच्या द्राक्षमळ्याचें वर्णन २४ व्या अध्यायांत आहे: सर्वत्र कांटे, जमीन खाजकुयलीनें झांकलेली, आणि दगडी कुंपण ढांसळलेलें. वसईकडील वाडीवाल्यांना हें चित्र समजावून सांगणें नको. पावसाळ्यांत चार दिवस पाठ फिरवली कीं केळीच्या बुंध्याशीं तण कसें माजतें, तें ते आम्हांहून अधिक जाणतात. पण येथें एक प्रश्न विचारावासा वाटतो. हा आळशी कोण? त्याला स्वतःचें शेत आहे, मळा आहे, कुंपण आहे, पलंग आहे, आणि ताटांत अन्नही आहे! हा मजूर नव्हे. हा खातापिता जमीनदार आहे. उलट १३ व्या अध्यायांत हाच ग्रंथ म्हणतो कीं गरिबाच्या शेतांत पुष्कळ पिकलें, तरी अन्यायानें तें हिरावलें जातें. दारिद्र्य हें नेहमींच आळसाचें फळ असतें, असें सूत्रकारांनीं कोठेंही ठरविलेलें नाहीं.

इ. स. पू. १८० च्या सुमारास यरुशलेमेंत बेन सीरा नांवाचा एक अध्यापक होऊन गेला. त्याच्या नातवानें मिसर देशांत आजोबांच्या बोधाचें ग्रीक भाषांतर केलें, आणि तें आमच्या कॅथलिक बायबलांत आहे. मूळ हिब्रू मात्र शतकानुशतकें हरपलें होतें. १८९६ सालीं कैरो येथील सभास्थानांतून आलेल्या जीर्ण पानांत त्याचा एक तुकडा सॉलोमन शेक्टर यांनीं ओळखला. बेन सीराला आळशी मनुष्य घाणींत पडलेल्या दगडासारखा वाटतो. तथापि त्याचा ३८ वा अध्याय आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. तेथें नांगऱ्या आहे, मुद्रा कोरणारा आहे, भट्टीच्या धगीनें अंग करपलेला लोहार आहे, पायानें चाक फिरविणारा कुंभार आहे. बेन सीरा स्वतः लेखणीवाला. लेखकाचा मान मोठा, हें तो लपवीत नाहीं. तरीही तो कबूल करतो कीं या लोकांवांचून कोणतेंही नगर वसणार नाहीं, आणि आपल्या धंद्याचें काम हीच त्यांची प्रार्थना आहे.

नव्या करारांत संत पौलाचें थेस्सलनीकाकरांस लिहिलेलें दुसरें पत्र सर्वांच्या तोंडीं असतें. पण त्यांतील नियम बहुधा अर्धाच उचलला जातो. ज्याची काम करण्याची इच्छाच नाहीं, त्यानें खाऊं नये, असें तेथें आहे. ज्याला काम मिळत नाहीं, अथवा ज्याच्यानें होत नाहीं, त्याच्याविषयीं तेथें एक अक्षर नाहीं. पौल स्वतः करिंथांत अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करून पोट भरीत असे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत तर श्रमाचें प्रयोजन असें सांगितलें आहे कीं गरजवंताला देण्यासाठीं आपल्याजवळ कांहीं असावें. आणि प्रभु येशूच्या दृष्टांतांतील ते मजूर आठवावे: दिवस मावळतांना ते बाजारांत रिकामे उभे होते, कारण त्यांना कोणीं कामावर लाविलें नव्हतें. मळ्याच्या धन्यानें तें ऐकून त्यांना कामावर धाडलें, आणि मजुरी पूर्ण दिली.

पुढें मिसरच्या अरण्यांत मठवासी लोकांनीं आळसाची परीक्षा अधिक बारकाईनें केली. इ. स. ३९९ त निवर्तलेल्या एवाग्रियसानें त्याला भर दुपारचा सैतान म्हटलें: सूर्य हालत नाहींसा वाटतो, खोली नकोशी होते, प्रार्थनेचा वीट येतो. पुढें संत थोमस अक्विनास यांनींही त्याला दैवी कल्याणाविषयींची खिन्नता असेंच ठरविलें. म्हणून दिवसभर धांवपळ करणारा मनुष्यही या पातकांत सांपडूं शकतो. कासियन याच अरण्यांतील पौल नांवाच्या एका वृद्धाची गोष्ट सांगतो. बाजार सात दिवसांच्या वाटेवर. माल नेण्याचा खर्च किंमतीहून जास्त. तरीही तो रोज खजुरीच्या झावळ्या घेऊन नेमून घेतलेलें काम करी, आणि वर्षाअखेरीस गुहा भरली म्हणजे तें सारें जाळून टाकी! आमच्यांतील व्यवहारी मनुष्य हें वाचून हळहळेल, आम्हीही हळहळलों. ६ व्या शतकांत संत बेनेडिक्टानें आपल्या नियमाच्या ४८ व्या प्रकरणांत हा प्रकार माणसांत आणिला. हातकामाचे तास ठरले, वाचनाचेही ठरले, आणि दुर्बळ बंधूंना झेपेल तेंच काम द्यावें, असें त्यानें लिहून ठेविलें.

१५ मे १८९१ रोजीं पोप तेरावे लिओ यांनीं 'रेरुम नोवारुम' या परिपत्रांत मजुराच्या रास्त वेतनाबरोबर त्याच्या रविवारच्या विसांव्याचाही हक्क मांडला. १९५५ सालीं पोप बारावे पायस यांनीं १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण ठरविला. फारोनें जी सुटी नाकारली, तीच ही होय.

ज्या शब्दावरून आपला हा उत्सव चालला आहे, तो 'ज्युबिली' शब्दही हिब्रूंतील 'योबेल', म्हणजे मेंढ्याचें शिंग, यावरून आला आहे. लेवीयाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणें सात वेळां सात वर्षें गेलीं कीं ५० व्या वर्षीं शिंग फुंकावयाचें. ज्याची जमीन त्याला परत, कर्जापायीं विकलेला मनुष्य मोकळा, आणि शेतांत आपोआप उगवेल तेवढेंच खावयाचें. त्या वर्षीं इस्राएली शेतकऱ्यानें पेरणी करणें हाच आज्ञाभंग होता.