अध्यासनावर एक वनस्पतिज्ञ

पर्यावरणशास्त्राच्या विभागासाठी प्रमुख निवडावयाचा झाला म्हणजे विद्यापीठाच्या निवडसमितीपुढे जी अडचण उभी राहते, तिचे मूळ त्या शास्त्राच्या स्वभावातच आहे. कारण पाणी, माती, वनस्पती, वस्ती, उद्योग आणि कायदा यांचा परस्परसंबंध हाच ज्या शास्त्राचा विषय, त्याची धुरा वाहणारा मनुष्य कोणत्या एका विषयाच्या पदवीधरांतून उचलावा, याचे उत्तर अर्जाच्या छापील रकान्यांतून मिळत नाही. आपल्याकडील विद्यापीठांच्या विषयपत्रिकेत पर्यावरणाचे नाव दाखल होण्याच्या अर्धशतक आधी, १९१९ साली, मुंबई विद्यापीठाने ही अडचण एकदा सोडविली होती. त्या नेमणुकीचा आणि तिच्या परिणामांचा इतिहास आपल्या उच्च शिक्षणाच्या दफ्तरात आजवर जितका दुर्लक्षित राहिला, तितका तो राहावयास नको होता.

१८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे पहिली साठ वर्षे मुख्यतः परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे खाते होते. अध्यापन चालावयाचे ते एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन, फर्ग्युसन अशा महाविद्यालयांतून. विद्यापीठाजवळ भव्य वास्तू होती, राजाबाई मनोरा होता, ग्रंथालय होते, परंतु स्वतःचा म्हणावा असा अध्यापकवर्ग नव्हता. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांस स्वतः शिकविण्याची मुभा मिळाली, १९१४ मध्ये समाजशास्त्राच्या अध्यापनासाठी हिंदुस्थान सरकारचे अनुदान मंजूर झाले आणि सर चिमणलाल सेटलवाड कुलगुरू असता १९१९ मध्ये समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग उघडण्यात आला. त्याच्या प्रमुखपदी विद्यापीठाने आणले ते पॅट्रिक गेडिस यांना. ते स्कॉटलंडचे रहिवासी, शिक्षणाने वनस्पतिज्ञ, व्यवसायाने नगररचनाकार आणि वयाने पासष्टीला आलेले होते. त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती.

ही शेवटची गोष्ट क्षणभर थांबून पाहण्याजोगी आहे. १८५४ मध्ये जन्मलेला हा मनुष्य वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरो विद्यापीठात गेला आणि तेथील शिकविण्याची रीत पाहून आठवड्याच्या आत बाहेर पडला. मग लंडनला टॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली त्याने जीवशास्त्राचे धडे घेतले, पण पदवीपरीक्षेच्या वाटेला तो गेला नाही. अध्यासनासाठी त्याने अर्ज केले नाहीत असे मात्र नव्हे. त्या काळी ब्रिटनमध्ये उमेदवाराने नामवंतांची शिफारसपत्रे मिळवून, ती पुस्तिकेच्या रूपाने छापून निवड करणाऱ्यांपुढे ठेवण्याचा रिवाज होता. १८८२ मध्ये एडिंबरोच्या निसर्गेतिहासाच्या अध्यासनासाठी गेडिस यांनी जो अर्ज केला, त्यास खुद्द चार्ल्स डार्विन यांनी आपल्या मृत्यूच्या काही आठवडे आधी अनुकूल पत्र लिहून दिले होते. तरी ती जागा त्यांना मिळाली नाही. पुढे १८८८ मध्ये त्याच विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे राजनियुक्त अध्यासन रिकामे झाले तेव्हाही निवड झाली ती ऑक्सफर्डहून आलेल्या आयझॅक बेली बाल्फोर यांची. बाल्फोर हे तोलामोलाचे वनस्पतिज्ञ होते, आणि केवळ वनस्पतिशास्त्रापुरते पाहिले तर ती निवड चुकली असे म्हणता यावयाचे नाही. परंतु वनस्पतीकडून माणसाकडे, माणसाकडून गल्लीकडे आणि गल्लीतून नगराकडे जाणारी जी दृष्टी गेडिस यांच्या ठायी होती, तिचे मूल्य ठरविण्याचे माप त्या मंडळाजवळ नव्हते. अखेर जेम्स मार्टिन व्हाइट नावाच्या धनिक स्नेह्याने डंडी येथील महाविद्यालयात त्यांच्यासाठी वनस्पतिशास्त्राचे अध्यासन निर्माण केले आणि केवळ उन्हाळ्याच्या सत्रात शिकविण्याची त्यांना सवलत मिळाली. वर्षाचे उरलेले महिने मोकळे असल्यामुळेच एडिंबरोच्या जुन्या वस्तीतील पडकी घरे दुरुस्त करणे, आउटलुक टॉवर ही आपल्या प्रदेशाचे निरीक्षण करावयास शिकविणारी संस्था १८९२ पासून चालविणे आणि नगरांचा अभ्यास करीत युरोपभर फिरणे त्यांना साधले.

हिंदुस्थानात ते आले १९१४ मध्ये, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून. त्यांचे नगरविषयक प्रदर्शन ज्या 'क्लॅन ग्रँट' जहाजातून येत होते ते 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडविले. नकाशे, चित्रे, आराखडे यांचा वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला आणि स्नेह्यांच्या साहाय्याने नवा संग्रह जमवून त्यांना प्रदर्शन मांडावे लागले. त्यानंतरच्या काही वर्षांत मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील अनेक नगरांची, त्याचप्रमाणे संस्थानी राजधान्यांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले. १९१७ मध्ये तर अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने थोरला मुलगा युद्धात कामी आला आणि पत्नी ॲना यांचे कलकत्त्यास ज्वराने निधन झाले. असा आघात सोसूनही त्यांनी काम थांबविले नाही.

मराठी वाचकास त्यांच्या अहवालांपैकी सर्वांत जवळचा वाटावा असा आहे तो होळकरांच्या इंदूर दरबारास सादर केलेला, १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेला द्विखंडात्मक अहवाल. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात, हा गोरा साहेब घरे पाडावयास आला आहे असा लोकांचा समज झालेला असता, त्यांनी दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीपुरता एका दिवसाचा महाराज होण्याची परवानगी मागून घेतली, आणि जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरूनच मिरवणूक जाईल असे जाहीर केले. त्याबरोबर घरोघर झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू झाली, व शहर झाडणारे सफाई कामगार मिरवणुकीत सन्मानाने चालले. जुन्या वस्तीवर सरसकट नांगर फिरविण्याऐवजी रोगट तेवढा भाग काढून उरलेले जपावे, तलाव बुजविण्याऐवजी राखावेत, विहिरी, झाडे आणि चौक ही नगराची संपत्ती समजावी, हा त्यांच्या सर्व अहवालांतील आग्रह होता. इंदूरच्या अहवालात मध्य हिंदुस्थानासाठी एका विद्यापीठाची योजनाही आहे, आणि केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांवर तीत त्यांनी कठोर टीका केली आहे. अशा मनुष्यास त्यानंतर एका वर्षाच्या आत मुंबईसारख्या परीक्षाप्रधान विद्यापीठाने सन्मानाने बोलावावे, ही त्या विद्यापीठाच्या इतिहासातील मोठ्या मनाची गोष्ट होय असे मला निःशंकपणे वाटते.

गेडिस यांच्या समाजशास्त्राचा पाया स्थळ, कर्म आणि जन या त्रयीवर उभा होता. डोंगराच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत जमिनीचा एक उभा छेद घ्यावा, त्यावर खाणकरी, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, माळी आणि कोळी आपापल्या जागी कसे वसले आहेत ते पाहावे, आणि खालच्या बंदरातले नगर हे त्या सर्वांच्या श्रमांतून कसे उभे राहते ते समजून घ्यावे, ही त्यांची अभ्यासाची रीत. आमच्या कोकणात तर सह्याद्रीचा कडा, त्याखालचे रान, भातखाचरे, माडांच्या बागा आणि खाडी हे सारे एका दिवसाच्या वाटचालीत डोळ्यांखालून जाते. ज्याला आज आपण पर्यावरणाचा अभ्यास म्हणतो त्याचा बराचसा भाग, ते नाव न घेता, १९१९ ते १९२४ या पाच वर्षांत मुंबईत समाजशास्त्र या नावाखाली शिकविला जात होता.

उणिवाही होत्या, आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. याच मुदतीत जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचा आराखडा आणि इतर नगरांची कामे यांसाठी ते वारंवार मुंबईबाहेर असत. प्रकृती ढासळत चालली होती. आणि त्यांचे व्याख्यान विषयावरून विषयावर असे धावे की नवख्या विद्यार्थ्यास त्याचा मागोवा घेणे कठीण जाई. त्याहून गंभीर गोष्ट ही की, वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र, आरोग्यखाते, नगरपालिका यांच्याशी त्या विभागाचा कायमचा संबंध जोडणारी कोणतीही रचना उभी राहिली नाही. तो संबंध एका माणसाच्या मस्तकात होता, आणि तो माणूस १९२४ मध्ये फ्रान्समधील माँपेल्ये येथे निघून गेला.

आता या इतिहासातील मला सर्वांत विचारणीय वाटणारा प्रसंग. वारस शोधण्याचे काम गेडिस यांनी आरंभीच हाती घेतले होते. परदेशी जाऊन समाजशास्त्र शिकण्यासाठी विद्यापीठाची शिष्यवृत्ती कोणास द्यावी हे ठरवावयाचे असता त्यांनी ज्यांची शिफारस केली ते गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणात १८९३ साली जन्मलेले घुर्ये हे संस्कृतचे एम. ए. होते. निवडीसाठी त्यांनी गेडिस यांना लिहून दिला तो निबंध मात्र संस्कृताशी संबंध नसलेल्या विषयावर, म्हणजे नागरी केंद्र या दृष्टीने मुंबईवर होता, आणि तो वाचून गेडिस प्रसन्न झाले. पदवीच्या कागदावरील विषय बाजूस ठेवून, समोरचे शहर या तरुणास दिसते की नाही एवढेच पाहण्याची ही परीक्षा होती. स्वतःच्या वाट्याला आलेल्या निवडमंडळांकडून गेडिस यांना जे मिळाले नव्हते ते त्यांनी दुसऱ्यास दिले. शिष्यवृत्तीवर गेलेले घुर्ये प्रथम लंडनला समाजशास्त्रज्ञ हॉबहाउस यांच्याकडे गेले, आणि हॉबहाउस ज्या अध्यासनावर होते ते त्याच मार्टिन व्हाइट यांच्या देणगीतून निर्माण झाले होते. तेथे त्यांचे मन रमले नाही. केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे त्यांना हवा तो गुरू भेटला आणि तेथून ते मानववंशशास्त्रज्ञ होऊन परतले.

१९२४ मध्ये घुर्ये विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती जबाबदारी त्यांनी सांभाळली. जात, कुळ, साधुसंप्रदाय, आदिवासी यांचा ग्रंथांच्या आणि प्रत्यक्ष पाहणीच्या आधारे अभ्यास ही त्या विभागाची ओळख बनली. १९३२ मध्ये 'कास्ट अँड रेस इन इंडिया' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी गेडिस यांचे माँपेल्ये येथे निधन झाले. घुर्ये यांच्या हाताखाली तयार झालेले एम. एन. श्रीनिवास पुढे बडोद्यास आणि मग दिल्लीस नव्या विभागांचे प्रमुख झाले. म्हणजे १९१९ च्या एका नेमणुकीतून विभागप्रमुखांची एक पिढीच देशास मिळाली. परंतु नागरिकशास्त्र मागे पडले, आणि डोंगर, पाणी व झाडे अभ्यासक्रमातून निघून गेली. याचा दोष घुर्ये यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल: प्रमुख बदलला की विषय बदलतो, हे गेडिस यांच्या बाबतीतही तितकेच खरे होते. शिवाय घुर्ये यांनी शहर विसरलेले नव्हते. निवृत्तीनंतर १९६२ मध्ये त्यांनी नगरे आणि संस्कृती यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गेडिस यांचा प्रादेशिक विचार अधिक निष्ठेने जपला गेला तो लखनौस, जेथे १९२१ पासून राधाकमल मुखर्जी यांनी अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा विभाग बांधला आणि नद्या, जमीन व लोकवस्ती यांचा संबंध अभ्यासास घेतला.

पर्यावरणाच्या नावाने विभाग निघाले ते फार पुढे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९७४ मध्ये पर्यावरणशास्त्राची प्रशाला सुरू झाली. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सर्व स्तरांवर पर्यावरणशिक्षण देण्याचा हुकूम केला. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी हा विषय अनिवार्य केल्यावर त्याचे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले ते पुण्याचे एरच भरुचा व्यवसायाने शल्यचिकित्सक होते.

मुंबईच्या त्या विभागातून निघालेला एक धागा मात्र वेगळ्या वाटेने पर्यावरणाकडे आला. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये त्यांच्याकडे एम. ए. पूर्ण केले आणि बर्लिनहून परतल्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र व मानवशास्त्राचा विभाग सांभाळला. माणसे आणि त्यांचा मुलूख एकत्र पाहत महाराष्ट्रभर त्या हिंडल्या. त्यांच्या शेजारच्या घरात वाढलेला अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा मुलगा माधव, इरावतीबाईंच्या सहवासात मानवशास्त्राची गोडी घेऊन, प्राणिशास्त्राच्या वाटेने हार्वर्डला गेला, गणिती परिस्थितिविज्ञानात संशोधन करून परतला आणि वनस्पतिज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर पश्चिम घाटातील देवराया पाहत हिंडला. त्या देवरायांवरील दोघांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडांची नोंद आणि गावकऱ्यांच्या श्रद्धेची नोंद त्यात एकत्र आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ मध्ये परिस्थितिविज्ञानाचे केंद्र उघडले गेले ते याच माधव गाडगीळ यांच्या पुढाकाराने.