तसबीर : टांगणी व वाहतूक

चौकटीत बसवलेले चित्र, छायाचित्र किंवा छापील प्रतिमा भिंतीवर पक्की लावण्याची आणि धक्का न लागता दुसरीकडे हलवण्याची रीत. भिंतीची पारख, खिळा की स्क्रू हा निर्णय, दोरीची किंवा तारेची बांधणी, काचेची काळजी आणि गाडीतली मांडणी हे सगळे तीत येते. वाटेत काच फुटेल ही धास्ती प्रत्येकाला असते. तसबीर ज्या भिंतीवर वर्षानुवर्षे राहणार ती भिंत मात्र सहसा कोणी तपासत नाही, आणि नुकसान तिथेच जास्त होते.

याचा मोठा दाखला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सापडतो. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी वर्षानुवर्षे तिथे राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात काम केले. त्यातली बरीच चित्रे रवाना झाली तेव्हा या मुलखात रेल्वे आलेली नव्हती. गाडीवाट, बंदर आणि महिनोन्महिन्यांचा समुद्रप्रवास एवढे सोसून ती लंडनला पोचली. तिथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती प्रदर्शनात लावली गेली आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सोडता सगळी जळून गेली. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम नव्याने हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी त्याच चमूतले. या प्रतीही लंडनला सुखरूप गेल्या, आणि साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ मध्ये लागलेल्या आगीत त्यातल्या अनेक नष्ट झाल्या. वाचलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. दोन्ही खेपांना वाट पार पडली, घात मुक्कामाने केला.

घरोघरच्या तसबिरींसाठी त्याच जिल्ह्यातल्या वैजापूरचे उदाहरण घेऊ. हे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे तालुक्याचे गाव. मुंबई–नागपूर रस्ता गावातून जातो, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे रोटेगाव हे त्याचे स्थानक, आणि तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. एका अंगाला शिर्डी, दुसऱ्या अंगाला वेरूळचे घृष्णेश्वर. त्यामुळे इथल्या घरांतल्या कितीतरी तसबिरी तीर्थाच्या बाजारातून, एसटीत मांडीवर धरून आलेल्या असतात. त्यांच्या शेजारी वाडवडिलांचे फोटो, लग्नातले फोटो, मुलाला शाळेत मिळालेले प्रशस्तिपत्र आणि एखाद्या जुन्या घरात रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या त्याच्या रंगीत छपाईने मराठी घरांच्या भिंती भरून टाकल्या. तोही १९७२ मध्ये आगीत सापडला.

भिंत. वैजापूर परिसरातल्या जुन्या माळवदाच्या घरांत भिंती मातीच्या, जाडजूड आणि उन्हाळ्यात गार. माणसाला त्या सुखाच्या असल्या तरी खिळ्याला त्यांचा आधार नाही. खिळा ठोकला की पोपडा निघतो, आत माती भुसभुशीत लागते आणि महिनाभरात तसबीर पुढे झुकते. अशा घरात वजन भिंतीवर न टाकता वरच्या लाकडी तुळईवर टाकावे. तुळईला कडी बसवून दोन मजबूत दोऱ्यांनी तसबीर खाली सोडावी, भिंतीला ती नुसती टेकावी. मात्र तुळई वाळवीने पोखरलेली नाही ना, हे आधी ठोकून पाहावे.

सिमेंट-विटांच्या घरात अडचण वेगळी. काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंतीही तिच्याबरोबर हलतात आणि तिरप्या चिरा पडतात. चिरेच्या जवळ भोक पाडू नये. गिलाव्याची जाडी साधारण १२ ते १५ मिलिमीटर असते आणि नुसता गिलावा वजन पेलत नाही. म्हणून ड्रिलने वीट गाठून सुमारे ५० मिलिमीटर खोल भोक पाडावे, त्यातली भुकटी फुंकून काढावी, गिट्टी घट्ट बसवावी आणि मग स्क्रू पिळावा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली विजेची नळी असते, न्हाणीघराच्या भिंतीत पाण्याची. तिथे ड्रिल लावू नये. न्हाणीघराला लागून असलेली किंवा पावसाच्या अंगाची भिंत तसबिरीसाठी वर्ज्यच समजावी, कारण ओल मागच्या पुठ्ठ्यातून शिरते आणि पुढून ती दिसेपर्यंत कागदावर तपकिरी ठिपके उमटलेले असतात.

वजन आणि तार. तसबिरीचे वजन बहुतेक वेळा काचेचे असते. एक चौरस मीटर काचेला जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो धरावेत. म्हणजे दोन बाय तीन फुटांच्या तसबिरीत तीन मिलिमीटर जाडीची काच घातली तर काचच सव्वाचार किलोच्या आसपास जाते. त्यात लाकडी पट्टी आणि पाठीचा हार्डबोर्ड धरला की सहा किलो सहज होतात.

हे सहा किलो तारेवर कसे पडतात, ते तारेच्या ढिलाईवर ठरते. तार मध्यभागी हुकावर चढून दोन्ही बाजूंना आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूवर ताण सहा किलोंचाच येतो. तीच तार दिसू नये म्हणून घट्ट ओढली आणि कोन १० अंशांवर आला, तर ताण सतरा किलोंवर जातो. कडीचे छोटे स्क्रू याच ओढीने लाकडातून निघतात. तार थोडी सैल ठेवणे हा सौंदर्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. याहून चांगला उपाय म्हणजे तार टाळून चौकटीच्या दोन बाजूंना दोन कड्या आणि भिंतीत समपातळीवर दोन हूक. अशी तसबीर दार आपटल्याने तिरपी होत नाही आणि एक हूक निसटला तरी दुसरा काही काळ धरून ठेवतो. तार ठेवायचीच असेल तर कड्या वरून एक तृतीयांश उंचीवर बसवाव्यात. सुतळी कधीही वापरू नये, ती आतून कुजते आणि तुटायच्या आधी काही कळत नाही.

खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवावेत. भिंत आणि पाठ यांच्यात बोटभर हवा खेळली तर ओल साठत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर ठेवण्याचा संग्रहालयांचा प्रघात आहे. आपल्याकडे दाराच्या वर, छतालगत, पुढे कललेली तसबीर लावण्याची पद्धत पडली. तिथे तिला हात लागत नाही हे खरे, पण कललेल्या तसबिरीमागच्या पोकळीत चिमण्या घरटे करतात, पाली राहतात, कसर लागते, आणि कोणाचे लक्ष जात नाही.

प्रतिमा, हार आणि दिवा. महाराष्ट्रात सर्वांत जास्त वेळा उतरवली आणि चढवली जाणारी चौकट म्हणजे शाळा, ग्रामपंचायत आणि सरकारी कचेऱ्यांतली थोर पुरुषांची आणि स्त्रियांची प्रतिमा. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १९ फेब्रुवारीला शिवाजी महाराज, ११ एप्रिलला जोतीराव, १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर. दर जयंतीला ती खुर्चीवर येते, हार घातला जातो, उदबत्ती लागते आणि कार्यक्रम संपला की घाईत पुन्हा खिळ्यावर जाते. कित्येक ठिकाणी ती मिरवणुकीत ट्रॅक्टर-ट्रॉलीवर किंवा सजवलेल्या टेम्पोत गावभर फिरते. एवढी ये-जा असलेली वस्तू एका खिळ्यावर राहू नये, तिला दोन हूक असावेत. कड्यांचे स्क्रू दर जयंतीला हाताने पिळून पाहिले तर काम दोन मिनिटांचे आहे. मिरवणुकीत प्रतिमा मागच्या आधाराला दोन ठिकाणी, चौकटीवरून कापडी पट्ट्याने बांधावी. नुसती तारेने बांधलेली प्रतिमा खड्ड्यात गाडी आदळली की पुढे येते. काच आतून सैल असेल तर ती वाटेतच खुळखुळते, म्हणून निघण्याआधी पाठीचे बारीक खिळे तपासावेत.

ओला हार हा या प्रतिमांचा आणि देवादिकांच्या तसबिरींचा खरा शत्रू. फुलांवर शिंपडलेले पाणी चौकटीच्या वरच्या कडेतून आत झिरपते आणि काचेला टेकलेल्या कागदावर उतरते. जुन्या तसबिरींत वरच्या कडेलगत पिवळट, नागमोडी डाग दिसतो तो बहुतेक याचाच. हार काचेवरून न सोडता चौकटीबाहेरच्या दोन खिळ्यांना अडकवावा आणि सुकण्याची वाट न पाहता संध्याकाळी काढावा. समई तसबिरीच्या थेट खाली ठेवू नये. काजळी आणि तेलाचा थर तर बसतोच, पण वाळलेला हार आणि ज्योत यांच्यात फार अंतर उरत नाही, हा मोठा धोका.

काच कागदाला टेकू नये यासाठी मध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालतात. जुन्या रविवर्मा छपाईत तो बहुधा नसतो. दमट हवेत तिचा चकचकीत पृष्ठभाग काचेला चिकटतो, आणि फ्रेम बदलताना काच ओढली तर देवीचा चेहरा काचेबरोबर निघून येतो. अशी तसबीर दुकानात उघडू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे, अशा जाणकारांचा सल्ला आधी घ्यावा. उजेडाचेही पथ्य आहे. जलरंग, छपाई आणि छायाचित्रे यांना संग्रहालये सुमारे ५० लक्सच प्रकाश देतात, तैलचित्राला २०० पर्यंत. वैजापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन याच्या अनेक पट असते. त्यात तांबडा आणि पिवळा रंग आधी उडतात.

वाहतूक. तसबीर उचलताना एक हात खाली आणि एक बाजूला. वरची पट्टी किंवा तार धरून उचलू नये. तीन फुटांपुढची तसबीर दोघांनी धरावी. बांधण्यापूर्वी पुढून-मागून फोटो काढून ठेवावा. काचेवर कागदी चिकटपट्टी फुलीच्या आकारात लावली तर काच तडकली तरी तुकडे जागेवर राहतात आणि चित्राला ओरखडत नाहीत. पोचल्यावर ती लगेच काढावी, उन्हात गोंद काचेला धरून बसतो. अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर मात्र चिकटपट्टी लावू नये. अ‍ॅक्रिलिक काचेच्या निम्म्या वजनाचे असते आणि लांबच्या प्रवासाला चांगले, पण घासल्यावर त्यात स्थिर वीज येते, म्हणून कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्रावर ते घालत नाहीत. चित्राचे कण उचलून अ‍ॅक्रिलिक स्वतःला लावून घेते.

तैलचित्राला काच नसते. त्याला प्लॅस्टिक थेट भिडवले तर उन्हात ते रंगाला चिकटते, म्हणून आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, मग बबल रॅप, आणि त्याचे फुगे बाहेरच्या अंगाला. वर्तमानपत्राची शाई उतरते, म्हणून ते चित्राजवळ नकोच. बदलीच्या गावी निघालेल्या घरांत तसबिरी वाकळेत किंवा गोधडीत गुंडाळण्याची जुनी चाल आहे, आणि ती वाईट नाही. फक्त चौकटीच्या चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घालाव्यात, कारण मार आधी कोपऱ्याला बसतो.

छोटा हत्ती असो की ट्रक, तसबिरी उभ्याच ठेवाव्यात. आडवी ठेवलेली काच स्वतःच्या वजनाने मध्ये झुकते आणि पहिल्याच गतिरोधकावर तडकते. काचेला काच आणि पाठीला पाठ लावून, मध्ये पुठ्ठा घालून त्यांची रांग करावी आणि ती गाडीच्या लांबीला समांतर, आतल्या भिंतीला पट्ट्याने बांधावी. ब्रेक लागला तर त्या एकमेकींवर कोसळत नाहीत. कपाट, गॅसची टाकी, पाण्याचे पिंप त्यांच्यापासून दूर. उन्हातून आलेले खोके घरात येताच फोडू नये, विशेषतः वातानुकूलित खोलीत. एक दिवस तसेच राहू दिले की लाकूड आणि कॅनव्हास नव्या हवेला सरावतात. किमती चित्राचा विमा उतरवायचा तर तो जुन्या भिंतीवरून उतरल्यापासून नव्या भिंतीवर चढेपर्यंतचा असावा. केवळ गाडीतल्या प्रवासाचा विमा अपुरा, कारण हात निसटतो तो बहुधा जिन्यात.

परदेशी नेणे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्यासारख्या काही चित्रकारांच्या मूळ कृती कलानिधी म्हणून घोषित असल्याने त्यांचे वय कितीही असले तरी त्याही नेता येत नाहीत. परदेशात स्थायिक झालेल्या मुलांकडे आजोबांच्या घरातली जुनी तसबीर पाठवायची असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावे आणि बांधाबांध त्यानंतरच करावी.