‘विंडोज २०००’ आणि देवनागरीची व्यवस्था

कार्यप्रणालीचे गुण सांगताना स्थैर्य व वेग यांचा उल्लेख प्रथम होतो. भाषाभ्यासकाने मात्र ती प्रणाली अक्षर कशाला म्हणते, हे पाहिले पाहिजे. ‘विंडोज ९५’ मध्ये देवनागरीला स्वतःचे स्थान नव्हते. रोमन अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकृत्या बसवून काम भागविले जाई; टंक बदलताच मजकुराची निरर्थक रोमन चिन्हे होत. १९९३ च्या ‘विंडोज एनटी’ने अंतर्गत व्यवहारासाठी युनिकोड स्वीकारला, आणि त्याच शाखेतील ‘विंडोज २०००’ने देवनागरी व तमिळ या लिप्यांचा अंतर्भाव केला.

या प्रणालीचे खरे बळ ‘युनिस्क्राइब’ या घटकात होते. साठवण उच्चारक्रमाने आणि मांडणी लिपीच्या नियमाने, असा विभाग त्यात आहे. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठविला जातो, मागून वेलांटी. पडद्यावर ती डावीकडे उमटते. ध्वनी व लेखन यांतील हा भेद आपल्या व्याकरणपरंपरेस नवा नव्हे.

मराठीचा प्रश्न याहून सूक्ष्म होता. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग; हिंदीला या दुसऱ्या रकाराची गरज पडत नाही. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत तो ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी दर्शविला जाई. पुढे भारतीय प्रमाणसंकेताच्या रीतीस अनुसरून ‘ऱ’ व हलन्त ही जोडी स्वीकारली गेली; तथापि जुनी रीतही ग्राह्य राहिली. परिणामी डोळ्यांना एकच दिसणारा शब्द दोन प्रकारांनी साठविलेला असू शकतो, आणि शब्दसंग्रहात शोध घेताना त्यांतील एक हातून निसटतो.