नावे एक, जमा शून्य

तारण घरांची किंमत ठरवणारा माणूस दुपारी पेंगतो, असा माझा बँकेतला अनुभव. वॉशिंग्टनचे नॉर्मन डीन त्याच धंद्यातले. पण त्यांनी १९५९ साली चक्क पेटंट मिळवलं! उलटसुलट फिरणारी वजनं, त्यांची केंद्रोत्सारी ओढ, आणि कशालाही मागे न ढकलता यंत्र म्हणे पुढे! न्यूटनचा तिसरा नियम म्हणजे आमची खतावणीच हो: नावे तितकं जमा. १९६० मध्ये संपादक जॉन कॅम्पबेल यांनी मासिकातून डांगोरा पिटला. न्हाणीघरातल्या काट्यावर यंत्र हलकं भरलं होतं ना! वास्तविक थरथरणाऱ्या वस्तूपुढे असा काटा गोंधळतो, आणि जमिनीवरची सरक ही घर्षणाची उसनवारी. पटतं मला. तरी रविवारी चालू मिक्सर काट्यावर ठेवून पाहिलाच. काटा हलला! सौ. म्हणाली, "चटणी सांडली."