पाण्याखालचे नियम कोणी लिहिले?



आजचा विषय पाहून कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. सुटीत मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जावे, पाठीला हवेचे सिलिंडर बांधावे आणि पाण्याने भरलेल्या गुहेत शिरावे, हा पैसेवाल्यांचा खेळ. त्याच्याशी कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो दीडशे वर्षांचा आहे. शिवाय अमेरिकेत नोकरी करणारी आपली मुले सुटीला त्या किनाऱ्यावर जातात, आणि आपल्या तारकर्लीलाही आता पर्यटक बुडी मारू लागले आहेत. किनाऱ्यावर चार दुकाने शेजारीशेजारी असतात, चारांचेही फलक चकचकीत. त्यांतले कोणते निवडावे? आमचे म्हणणे असे की, फलक वाचण्याआधी थोडा इतिहास वाचावा.

प्रथम जागा समजून घेऊ. युकातान हे मेक्सिकोच्या आग्नेयेचे द्वीपकल्प म्हणजे चुनखडीची एक प्रचंड लादी आहे. पावसाचे पाणी तिच्यातून झिरपून खाली जाते. म्हणून उत्तर भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीत, त्या जमिनीखाली वाहतात. जेथे गुहेचे छत कोसळले तेथे खालचे पाणी उघडे पडले. माया लोकांच्या भाषेत असा डोह म्हणजे 'त्सोनोत'. स्पॅनिश जिभेवर त्याचे 'सेनोते' झाले. ह्याच पाण्यावर माया गावे शतकानुशतके जगली. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती तेव्हा ह्या गुहा कोरड्या होत्या. म्हणून आज पाण्याखालीही छतापासून लोंबणारी चुनखडीची झुंबरे दिसतात. २०१८ च्या जानेवारीत तुलुमजवळच्या साक आक्तुन आणि दोस ओखोस ह्या दोन बुडालेल्या गुहा एकमेकींना जोडलेल्या असल्याचे जाहीर झाले, तेव्हा एकूण लांबी ३४७ किलोमीटर भरली.

मेक्सिकोच्या सरकारने १९७० मध्ये कानकुन येथे पर्यटननगरी उभारण्यास आरंभ केला. किनारा हॉटेलांनी भरला, आणि पाहुण्यांना गुहांच्या तोंडाशी नेणारी दुकाने निघाली. तोंडापासचा जो भाग बाहेरच्या उजेडाने उजळतो त्याला पाणबुडे 'कॅव्हर्न' म्हणतात. त्यापलीकडचा काळोख ती खरी गुहा. पर्यटकाची हद्द उजेड संपतो तेथे संपते. समुद्रात संकट आले तर माणूस सरळ वर येऊ शकतो. गुहेत वर दगड असतो. आलेल्या वाटेनेच परतावे लागते. सारे नियम ह्या एका गोष्टीतून निघाले आहेत.

परंतु पाण्याखाली दाबाची हवा घेणारे पहिले मोठे समुदाय पर्यटकांचे नव्हते, मजुरांचे होते. १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुईस आणि न्यूयॉर्क येथे मोठे पूल बांधले जात होते. नदीच्या तळाशी तळ नसलेली अजस्र पेटी बसवावयाची, तिच्यात दाबाने हवा भरून पाणी बाहेर लोटावयाचे, आणि आत मजुरांनी गाळ खणावयाचा, अशी रीत होती. काम संपवून माणसे वर आली की काहींचे सांधे असह्य दुखत, काहींना अर्धांग होई, काही मरत. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब एकदम उतरला की बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तेच शरीरात होते. हे कारण तेव्हा कोणास नीट ठाऊक नव्हते. ब्रुकलिन पुलाच्या कंपनीचे डॉक्टर अँड्र्यू स्मिथ ह्यांनी शंभराहून अधिक रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. १८७२ च्या मे महिन्यात त्या पेटीतल्या मजुरांनी संप पुकारला आणि दिवसाला तीन डॉलर मागितले. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः ह्याच दुखण्याने पंगू झाले; त्यांच्या पत्नी एमिली ह्यांनी काम पुढे नेण्यास हात दिला. रोबलिंग ह्यांचे नाव पुलाबरोबर राहिले. पेटीतल्या मजुरांची नावे कोण सांगेल?

फ्रान्सच्या पॉल बेर ह्यांनी १८७८ मध्ये बुडबुड्यांचे कारण दाखवून दिले. ब्रिटनच्या जॉन स्कॉट हॉल्डेन ह्यांनी बोकडांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके छापली. पर्यटकाच्या मनगटावरचे आजचे यंत्र त्याच हिशोबाचे नातवंड आहे. दिवसाला अनेक बुड्या मारल्या असतील तर विमानात बसण्यापूर्वी निदान अठरा तास थांबावे, हा सल्लाही त्याच बुडबुड्यांमुळे दिला जातो; उंचावर दाब आणखी उतरतो.

१९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां ह्या फ्रेंच जोडीने पाठीवर बांधावयाचे श्वसनयंत्र बनवले. तीनच वर्षांनी, १९४६ मध्ये, कूस्तो आणि त्यांचे सहकारी द्यूमा फ्रान्समधील व्होक्लूझच्या झऱ्याच्या गुहेत उतरले आणि मरता मरता वाचले. मागाहून कळले की, हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच विषारी धूर सिलिंडरांत ओढला होता. यंत्राच्या निर्मात्यावर जर ही पाळी आली, तर दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारावा हे सांगावयास नको. हवा कोठे भरता, आणि ती किती दिवसांनी तपासून घेता?

पुढे फ्लोरिडाच्या झऱ्यांतील गुहांत माणसे एकामागून एक मरू लागली. तेथील शेक एक्सली हे शाळेत गणित शिकवीत आणि गुहांत बुड्या मारीत. त्यांनी ह्या मृत्यूंच्या हकीकती गोळा केल्या, ताडून पाहिल्या आणि १९७९ मध्ये एक लहानसे पुस्तक काढले. कारखान्यात अपघात झाला की 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहून कागद मिटवून टाकण्याची रीत आम्ही कित्येकदा पाहिली आहे. एक्सली ह्यांनी तसे केले नाही. मेलेल्यांत समुद्रात उत्तम पोहणारे होते, शिक्षकही होते. तेव्हा नुसत्या अनाडीपणावर बोट ठेवून भागणार नव्हते. तीन कारणे पुनःपुन्हा आढळली. बाहेरपर्यंत अखंड दोरी नव्हती. परतीसाठी हवा राखलेली नव्हती. खोली झेपण्यापलीकडची होती. त्यावरून नियम ठरले. दोरी सोडू नये; एक तृतीयांश हवा जाण्यास, एक तृतीयांश येण्यास, उरलेली संकटासाठी; खोलीला मर्यादा. गुहेचे खास शिक्षण आणि प्रत्येकाजवळ एकाहून अधिक दिवे ही त्यांत भर पडली. एक्सली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतील साकातोन ह्या अतिखोल डोहात गेले, ते परतले नाहीत. आज सेनोत्यांत उजेड संपतो तेथे यमदूताचे चित्र असलेली पाटी असते: ह्यापुढे जाऊ नका.

आता दुकानाच्या दारात या. गाइड गुहेचे पूर्ण शिक्षण घेतलेला आहे, की केवळ समुद्रातला? एका गाइडमागे माणसे किती? चारांहून अधिक नसावीत. उघड्या पाण्यापासून साठ मीटरांपलीकडे नेणार नाही ना? तृतीयांशाचा नियम बुडीपूर्वी समजावून सांगतो का? आणि एक प्रश्न आमच्या पदरचा: ह्या गाइडची आजची ही कितवी बुडी, आणि त्याला पगार मिळतो की माणशी पैसे? ज्याची भाकरी डोक्यांवर मोजली जाते त्याला पाचव्या डोक्याला नाही म्हणणे जड जाते. आपण घासाघीस करून दर पाडतो, तेव्हा तो फरक मालक आपल्या खिशातून क्वचितच भरतो. तो गाइडच्या विश्रांतीतून निघतो, नाही तर हवेच्या तपासणीतून. म्हणजे शेवटी आपल्याच श्वासातून.

गुहेत उतरणाऱ्यांचा आणखी एक नियम आहे, आणि तो आम्हांस सर्वांत आवडतो. तुकडीतल्या कोणालाही, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता बुडी थांबवता येते. अंगठा वर केला की सर्वांनी परतावयाचे, आणि त्याबद्दल कोणी कोणास दोष द्यावयाचा नाही. धोक्याच्या कामाला नाही म्हणण्याचा हा हक्क ब्रुकलिनच्या पेटीत उतरणाऱ्या मजुराला नव्हता. आजही पुष्कळ कामगारांना तो नाही. म्हणून दुकानदाराला शेवटी एवढेच विचारा: तुमच्या गाइडने अंगठा वर केला, तर त्या दिवसाचे त्याचे पैसे कापता काय? 'नाही' असे उत्तर चटकन आले तर तेथे नाव नोंदवा. तो घुटमळला तर शेजारच्या दुकानात जा.