पुस्तक कोणाच्या हाती द्यावे?

लेखन पुरे झाले की मराठी लेखकाची खरी चिंता सुरू होते. बाड तयार असते, घरची मंडळी ‘आता छापा की’ म्हणून मागे लागलेली असतात, आणि प्रश्न उभा राहतो की हे द्यायचे कोणाला? पुण्या-मुंबईच्या नामांकित प्रकाशकाच्या दारी वर्ष-दोन वर्षे तिष्ठत बसायचे, आपल्याच जिल्ह्यातला एखादा लहान प्रकाशक गाठायचा, का पदरचे पैसे घालून एकदाचे मोकळे व्हायचे? हा पेच आजच्या महागाईने निर्माण केला असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो मराठी छपाईइतकाच जुना आहे.

पहिले उदाहरण गोव्याचे. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. स्टीफन्सची फार इच्छा होती की ते देवनागरी अक्षरांत छापावे. पण रोमन लिपीला जिथे चोवीस ठशांत भागते तिथे या लिपीला सहाशेच्या घरात ठसे पाडावे लागतील, हे त्यानेच १६०८ च्या पत्रात नमूद केले आहे. तेव्हा मराठी ओवी रोमन वेष घालून बाहेर पडली. सतराव्या शतकात या ग्रंथाच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि मौज अशी की त्या तिन्हींची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांच्या जोरावर. त्या नकलांवरूनच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. म्हणजे पुस्तक छापणे ही एक गोष्ट आणि ते वाचकाच्या घरात टिकवणे ही दुसरी, हे आपल्याकडे पहिल्याच पुस्तकाने दाखवून दिले होते.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनची छपाई पाहून स्वतःचा शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ साली पंचांग छापले. मिशनच्याच छापखान्यात तयार झालेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ काढला आणि देवनागरी अक्षराला असे वळण दिले की तो ठसा पाहून आजही जाणत्याचे डोळे निवतात. ही माणसे आपल्या विद्येचे मोठे उपकारकर्ते खरी. परंतु नव्या लेखकाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचा मुख्य आधार पंचांग, पोथी आणि संस्कृत ग्रंथ हा होता. ज्याचे गिऱ्हाईक आधीच ठरलेले आहे ते छापण्यात जोखीम कमी. कालच्या पोराने लिहिलेल्या नाटकासाठी भांडवल कोण अडकवणार? ज्याला आपण आज प्रकाशक म्हणतो, म्हणजे स्वतः जोखीम घेऊन दुसऱ्याचे नवे लेखन लोकांपुढे नेणारा माणूस, तो अजून जन्माला यायचा होता.

मग लेखक जात कोठे? ख्रिस्ती लेखकाला मिशनचा आणि ट्रॅक्ट सोसायटीचा दरवाजा उघडा होता. इतरांना एक सरकारी वाट होती. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटीत, तिच्यातलाच काही पैसा इंग्रज सरकारने मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला आणि त्यासाठी दक्षिणा प्राइज कमिटी नेमली. लेखकाने बाड सादर करावे, कमिटीने पारखावे, पसंत पडल्यास बक्षीस. ऐकायला किती सोयीचे! पण पारखणारे कोण, हा प्रश्न त्यात होताच. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीपुढे ठेवले. भोळ्या कुणब्याला भिक्षुक कसा नाडतो हा त्याचा विषय. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नापसंत झाले, असे जोतीरावांनीच पुढे लिहून ठेवले आहे. नाटक बाजूला पडले ते वाचकांसमोर छापून येण्यास १९७९ साल उजाडावे लागले.

जोतीराव शहाणे झाले. कंत्राटदारीच्या धंद्यामुळे हाती चार पैसे होते; १८७३ मधले ‘गुलामगिरी’ त्यांनी आपल्या बळावर काढले. परंतु ‘शेतकऱ्याचा असूड’ची कथा आणखी चटका लावणारी आहे. ते १८८३ मध्ये लिहून झाले आणि ‘दीनबंधु’त छापायला सुरुवात झाली. हे पत्र त्यांच्याच चळवळीतले, संपादक नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्याच विचाराचे. तरीही सुरुवातीचा भाग छापून झाल्यावर संपादकांनी हात आखडला, आणि जोतीरावांनी त्यांना भित्रेपणाबद्दल कडक शब्दांत सुनावले. पूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत छापून झाला नाही. आपल्या गोटातला प्रकाशक म्हणजे आपला प्रकाशक, असा हिशेब करणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. पत्र चालवणाऱ्याला खटल्याची, वर्गणीची, गिऱ्हाइकाची भीती असते; ती लेखकाला नसते. लोखंड्यांना मी सर्वस्वी दोष देणार नाही.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापले गेले. एवढे निर्भय पुस्तक त्या काळी दुसऱ्या कोणा बाईने लिहिले असेल तर मला ठाऊक नाही. टवाळी झाली, जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये कैवार घेतला, पण पुस्तकाच्या पाठीशी उभे राहून त्याची दुसरी आवृत्ती काढणारे कोणी नव्हते. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळालेले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापून काढीपर्यंत सुशिक्षित घरांतही हे नाव अपरिचित होते. छापखाना मिळाला होता, प्रकाशक मिळाला नव्हता. त्याची किंमत त्र्याण्णव वर्षे!

ज्यांच्यापाशी संघटनेची हातोटी होती त्यांनी स्वतःचेच तंत्र उभे केले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाला’ काढली, आणि मग किताबखाना, चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना असा एकेक भाग जोडत नेला. लिहिणारे आपण, छापणारे आपण, विकणारे दुकानही आपले! पण हे सर्वांना कोठून जमावे? शास्त्रीबुवा १८८२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले, त्याला या सव्यसाची धडपडीचेही काही कारण असेल काय, असे मनात येऊन जाते.

नव्या लेखकाला खरा हात दिला तो मासिकांनी. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली आणि पुस्तकरूप झाले ते मागाहून. वाचक दर आठवड्याला यमूच्या हकीकतीची वाट पाहत, म्हणजे पुस्तकाचे गिऱ्हाईक पुस्तकाआधीच तयार! या पद्धतीत दोषही होता. अंकाच्या घाईत हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. कवितेचे नशीब याहून कठीण. केशवसुत १९०५ मध्ये हुबळीस प्लेगने वारले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. तो पुढे हरिभाऊंनीच प्रसिद्ध केला.

आणि काशीनाथ रघुनाथ मित्रांना विसरून कसे चालेल? आजगावकर हे त्यांचे मूळ आडनाव. बंगालीच्या प्रेमापोटी ‘मित्र’ झाले. १८९५ साली त्यांनी ‘मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. आज फराळाच्या ताटाशेजारी आपण जो अंक उघडून बसतो त्याचा हा मूळपुरुष. लेखक हुडकायचा, त्याच्याकडून लिहवून घ्यायचे, आणि वाचकाला सणाच्या निमित्ताने ते विकत घ्यायला लावायचे, हे तिन्ही धागे मित्रांनी एकत्र वळले. मराठी प्रकाशकाचा पिंड येथे घडू लागला असे म्हणायला हरकत नाही.

संस्थानिकांचा आश्रय हीदेखील एक वाट होती. कृष्णराव अर्जुन केळूसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलातले शिक्षक. त्यांचे शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र १९०६ मध्ये निघाले ते सयाजीराव गायकवाड आणि शाहू छत्रपतींसारख्यांच्या मदतीवर. त्याच्या इंग्रजी भाषांतराला इंदूरच्या होळकरांचा हात लागला. शाळामास्तराच्या पगारात असा ग्रंथ छापणे अशक्यच. तथापि दरबारी पत्रव्यवहार, खेटे, प्रतीक्षा यांत माणसाची किती वर्षे जातात याचा हिशेब कोणी मांडीत नाही. डॉ. केतकरांनी म्हणूनच दरबाराकडे तोंड न वळवता चक्क मर्यादित भांडवलाची कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळवले आणि ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले.

स्वातंत्र्यानंतर प्रकाशनसंस्था या नात्याने ज्यांचे नाव घ्यावे अशी घरे ठळकपणे दिसू लागतात. गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’ आणि ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत हस्तलिखितावर जो विचार करीत तो पुष्कळदा लेखकानेही केलेला नसे. पुनर्लेखनासाठी परत आलेल्या बाडाने लेखक आधी चिडायचा आणि पुढे कृतज्ञ व्हायचा. मात्र हे दार फारच थोड्यांना उघडते, एका अभिरुचीची मक्तेदारी झाली आहे, अशी तक्रारही वाढत गेली. १९६९ मध्ये अनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची जाहीर होळी केली. मला ती कृती रुचत नाही, पण तक्रारीत तथ्य नव्हते असेही म्हणवत नाही. पुण्याच्या रा. ज. देशमुखांची तऱ्हा निराळी. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये काढणाऱ्या या घराने १९६३ मध्ये पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ काढली. मान्यवर लेखकाच्या खपावर नवख्याचे साहस पेलणारा प्रकाशक हा लेखकवर्गाचा मोठाच ठेवा होय.

१९७५ च्या सुमारास ‘ग्रंथाली’ने जुनी वर्गणीची कल्पना नव्याने राबवली. वाचकाने पैसे आगाऊ भरावे, पुस्तक स्वस्तात घ्यावे. पुढे तर ग्रंथयात्रा काढून पुस्तके गावोगाव नेली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये याच वाटेने आले. ताराबाईंच्या पुस्तकाला जे मिळाले नाही ते या पुस्तकांना मिळाले: पाठीशी उभी माणसे.

आता आजच्या लेखकाकडे येऊ. संगणकाच्या कृपेने शंभर-दोनशे प्रतीही छापता येतात, आणि लेखकाकडूनच खर्च घेऊन वर आपले नाव घालणारे प्रकाशक गल्लोगल्ली आहेत. त्यात लबाडीच असते असे नाही. परंतु तेथे तुम्ही गिऱ्हाईक आहात, लेखक नव्हे, एवढे समजून जावे. पहिल्या पुस्तकाला राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान आहे. दक्षिणा प्राइजचे हे लोकशाही वारस! जिल्ह्यातल्या प्रकाशकाला कमी लेखू नये. बोलीतली कथा किंवा स्थानिक इतिहास तो आपल्या मुलखातल्या शाळांत आणि वाचनालयांत ज्या आस्थेने पोचवील तसा दूरचा मोठा प्रकाशक पोचवीलच असे नाही. कोणाकडेही गेलात तरी करार लेखी करा. १९५७ च्या कायद्यान्वये हक्क सोपवणे लेखीच असावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. हे पुष्कळ लेखकांना ठाऊक नसते आणि काही प्रकाशकांना ठाऊक असूनही आठवत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो; तेव्हा ‘कायमचे सर्व हक्क’ या तीन शब्दांवर सही करताना नातवंडांचे तोंड डोळ्यांपुढे आणावे. किती प्रती छापणार, हिशेब केव्हा देणार, आवृत्ती संपल्यावर किती काळात दुसरी काढणार आणि न काढल्यास हक्क परत केव्हा, हेही विचारून घ्यावे. विचारताना संकोच वाटतो खरा.

आणि प्रकाशकाच्या कचेरीत जाण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या गावी जे पुस्तकाचे दुकान असेल तेथे एक फेरी मारावी. त्याच प्रकाशकाने पाच वर्षांपूर्वी काढलेले एखादे पुस्तक मागून पाहावे. दुकानदार फळीकडे हात नेतो, का ‘मागवून देतो’ म्हणतो, का नावच ऐकले नाही म्हणतो, ते पाहावे आणि मग बाड कोणाला द्यायचे ते ठरवावे.